गाडी दारात, वीज माडीवर!

बडोद्यापासून अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर हालोलच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात. तिकडे साणंदहूनही त्या बाहेर पडतात. गाडी आपल्या राज्यात बनते, आपल्या शहरात विकली जाते आणि बँका तिच्यासाठी आनंदाने कर्ज देतात. परंतु हीच गाडी दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, बाबाजीपुरा या आपल्या जुन्या वस्तीत आली की पहिल्याच रात्री प्रश्न उभा राहतो : हिला वीज द्यायची कोठून? मीटर जिन्याखाली, घर दुसऱ्या माडीवर, गाडी गल्लीत आणि गल्ली कोणाच्याच मालकीची नाही. मग माडीच्या खिडकीतून एक वायर खाली सोडली जाते. पावसाळ्यात ती भिजते, येणारा-जाणारा तिला ओलांडतो, लहान मुले तिच्याशी खेळतात. गोत्री-वासणा रोडकडच्या बंगल्यात राहणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. तो भिंतीवर पेटी बसवतो आणि निवांत झोपतो.

समाजबांधवांना वाटेल, मंडळाच्या पत्रकात मोटारीच्या चार्जरवर अग्रलेख कशासाठी? ज्याला दहा-पंधरा लाखांची गाडी परवडते त्याची काळजी आम्ही का करावी? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आज विजेवर चालणारी दुचाकी ही नोकरी करणाऱ्या मुलीची, घरोघर सामान पोचवणाऱ्या तरुणाची आणि निवृत्त शिक्षकाचीही गाडी झाली आहे. तीन चाकांची रिक्षा चालवून पोट भरणारेही आपल्यात आहेत. या सर्वांना रोज रात्री वीज लागते. ही वीज ज्याला घरी मिळते त्याचा प्रवास स्वस्त होतो आणि ज्याला मिळत नाही त्याला ती बाहेर, कितीतरी जास्त भावाने घ्यावी लागते. घरच्या विजेवर जीएसटी नाही, बाहेरच्या चार्जिंग सेवेवर तो १८ टक्के आहे. त्यात स्टेशनचालकाचा खर्च व नफा मिळवला की बाहेरचे युनिट बहुधा घरच्या युनिटाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही महाग पडते. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग. हा न्याय उलटा आहे, आणि तो उलटा आहे म्हणूनच हा विषय राजकारणाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी या शहरात आणले. नळ ही बंगलेवाल्यांची चैन आहे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आज आपण त्याला हसलो असतो. घरगुती चार्जरही उद्या नळासारखा आणि मीटरसारखाच घराचा भाग होणार आहे. तो आपल्या वाड्यांत आणि फ्लॅटांत रीतसर येणार की खिडकीतून लोंबकळत येणार, एवढेच आपल्या हाती आहे.

प्रथम गैरसमज दूर करू. घरी गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती खरी नाही. चार्जिंग सेवेला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटले आहे की, मालकाला आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. परिपूर्ण अर्ज दिल्यानंतर महानगर क्षेत्रात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यावी, अशी कमाल मुदतही त्या नियमांत घालून दिली आहे. गुजरातमध्ये चार्जिंगसाठी विजेची वेगळी दरश्रेणीही आहे. तेव्हा घरच्याच मीटरवर चार्ज करावे की वेगळा मीटर घ्यावा, याचा हिशेब आपले दोन महिन्यांचे लाईटबिल समोर ठेवून प्रत्येकाने करावा. रोजचे फिरणे थोडे असेल तर घरचा मीटर पुरतो. घरात दोन गाड्या असतील किंवा गाडीवर धंदा असेल तर वेगळा मीटर विचारात घ्यावा.

दुसरा गैरसमज खर्चाचा. लहान मोटार शहरात एका युनिटात साधारण सात-आठ किलोमीटर जाते. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्याला चार युनिट पुरतात, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात सुमारे अडीचशे युनिट वाढतात. एवढी वीज भरायला भिंतीवरची मोठी पेटीही लागत नाही. गीझरसाठी असतो तशा पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून सुमारे तीन किलोवॉटने चार्जिंग होते. चार युनिट दीड तासात भरतात. हालोलच्याच लहान कॉमेट गाडीची १७.३ युनिटांची बॅटरी अगदी रिकामी असली तरी एका रात्रीत भरते. सात किलोवॉटची पेटी मोठ्या बॅटरीच्या गाडीला किंवा रोज लांबच्या प्रवासाला उपयोगी खरी, पण तिच्यासाठी मंजूर लोड वाढवावा लागतो आणि लोड एका मर्यादेपुढे गेला की थ्री फेज घ्यावे लागते. विक्रेता सांगतो म्हणून मोठी पेटी घेऊ नये. आपण रोज किती किलोमीटर फिरतो ते आधी मोजावे. दुचाकीला तर घरातला चांगला पॉइंट पुरेसा असतो. फक्त तो जिन्यात किंवा पार्किंगमध्ये मिळायला हवा.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. एक जुन्या वायरिंगमध्ये आणि दुसरे माणसांच्या परवानगीत.

वायरिंगचे आधी बोलू, कारण येथे जिवाशी गाठ आहे. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र सहा-सात तास सलग तेवढाच करंट ओढते. वीस मिनिटे निभावून नेणारी वायर सहा तासांत तापते आणि सैल पॉइंट वितळतो. आपल्या अनेक वाड्यांत आजही अॅल्युमिनियमच्या जुन्या वायरी आहेत आणि अर्थिंग एकतर नाही किंवा नावापुरते आहे. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेमागे काहीच नसते. गाडीचा चार्जर हे ओळखतो आणि चालू व्हायला नकार देतो. मग कोणी हुशार वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून गाडीला फसवतो. बंधूंनो, ही फसवणूक गाडीची नाही, आपलीच आहे! पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. दाराला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो आणि करंट त्याच्या अंगातून वाट काढतो.

म्हणून चार्जरचा पॉइंट घेताना काही गोष्टींत तडजोड करू नये. मीटरपासून पॉइंटपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर घ्यावी आणि त्याच वायरीवर दुसरे काही जोडू नये. पंधरा अँपिअरच्या पॉइंटला साधारण ४ चौरस मिलिमीटरची वायर योग्य. सात किलोवॉटच्या पेटीला ६ आणि अंतर जास्त असेल तर १० चौरस मिलिमीटरची लागते. त्या वायरीला स्वतःचा एमसीबी हवा आणि त्याबरोबर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबीही हवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. एक आहे म्हणून दुसरा टाळू नये. अर्थिंगचा खड्डा नवा घ्यावा किंवा जुना मोजून घ्यावा आणि मोजल्याचा आकडा वायरमनकडून कागदावर लिहून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड व जोडपिन वापरू नये. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनाही ते मान्य नाही. गाडीबरोबर येणारी केबलवरची डबी पॉइंटला लोंबकळत ठेवू नये, तिला खिळ्याचा किंवा फळीचा आधार द्यावा. पहिल्या रात्री तासाभराने चार्जिंग बंद करून प्लगला हात लावून पाहावा. चटका बसण्याइतका तो तापला असेल तर पॉइंट बदलल्याशिवाय पुन्हा चार्जिंग करू नये. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. हे सगळे करायला काही हजार रुपये जास्त लागतात, पण लाखो रुपयांच्या गाडीपुढे आणि घरातल्या माणसांपुढे ही रक्कम मोठी नाही.

बडोदेकरांसाठी यात आणखी एक कलम आहे, ते म्हणजे विश्वामित्रीचे. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. समा, अकोटा, सयाजीगंज, फतेगंज या भागांत पाणी शिरले आणि तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा, असे वीज प्राधिकरणाने २०१९ मध्ये सांगितले. पण तो नियम साऱ्या देशासाठी आहे, विश्वामित्रीच्या काठासाठी नाही. ज्या सोसायटीत २०२४ चे पाणी शिरले तिने त्या पाण्याची खूण पाहून पॉइंट त्याच्या वर घ्यावा. तळघरात चार्जर असेल तर त्याचा मुख्य स्विच वरच्या मजल्यावर ठेवावा, म्हणजे वीज तोडण्यासाठी कोणाला पाण्यात उतरावे लागणार नाही. पुरात बुडालेली गाडी वरून कोरडी दिसली तरी चार्जरला लावू नये, आधी कंपनीच्या कारागिराला दाखवावी.

आता परवानगीचा प्रश्न. फ्लॅटच्या सोसायट्यांत प्रमुख आणि मंत्री चार्जरला बहुधा नकार देतात. त्यांच्या शंका खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. आग लागेल, लिफ्टचा लोड कमी पडेल, सार्वजनिक बिलातून एकाची गाडी चालेल, एकाला दिले की सगळे मागतील, या त्या चार शंका. एकेकीचे उत्तर देऊ.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरना आगी लागल्या हे खरे. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. परंतु चोरून ओढलेल्या वायरीला कोणताही नियम वाचवू शकत नाही. परवानगी नाकारणारी सोसायटी चार्जिंग थांबवत नाही, ती फक्त त्याला डोळ्याआड लोटते. आगीची भीती वाटत असेल तर रीतसर पॉइंट देणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. लोडची शंका मोजून मिटते. वीस गाड्या एकाच वेळी तीन किलोवॉट ओढू लागल्या तर साठ किलोवॉट होतात, पण रोज प्रत्येकीला दीड-दोन तासच हवे असतात. रात्री दहा ते सहा या आठ तासांत पाळ्या लावल्या तर पाच-सहा गाड्यांइतक्या लोडवर सगळ्यांचे भागते. बिलाची शंका तर मुळीच टिकत नाही. वायर सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून किंवा त्याने घेतलेल्या वेगळ्या मीटरवरून ओढली की सार्वजनिक बिलाचा संबंधच उरत नाही. आणि सगळे मागतील म्हणून एकालाही देऊ नये, हा तर युक्तिवाद नव्हे. सगळे मागणारच आहेत. म्हणूनच केबलचा एक सामाईक मार्ग आजच ठरवावा, नाहीतर उद्या प्रत्येक जण आपली वेगळी भिंत फोडील.

गुजरात सरकारच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात सोसायट्यांनी सभासदाला त्याच्या ठरलेल्या पार्किंगच्या जागेत चार्जर बसवण्यास ना-हरकत दाखला द्यावा, असे म्हटले होते. उत्तम! पण ते धोरण चार वर्षांच्या मुदतीचे होते. मुदतीच्या आश्वासनावर विसंबून भिंतीत वायर घालता येत नाही. हे कलम कायमच्या नियमात यायला हवे आणि दाखला किती दिवसांत द्यायचा व नकाराची कारणे लेखी द्यायची, हेही त्यात हवे. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमांत पार्किंगच्या २० टक्के जागा चार्जिंगच्या सोयीच्या असाव्यात असे सुचवले. ते नव्या इमारतींना लागू पडेल. आपला समाज मात्र बहुतांशी जुन्या इमारतींत राहतो आणि जुन्या इमारतीचा वाली कोणी नाही. आजवर अनुदान मिळाले ते गाडीला, वायरीला नाही. ज्याच्या वाड्यात अर्थिंगच नाही त्याला गाडीवरच्या सवलतीचा उपयोग काय?

वाड्यांचा प्रश्न सोसायटीहून अवघड आहे. तेथे भाडेकरू जुने, मालक अनेक आणि काही तर परगावी. चौक सामाईक, मीटर जुने आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून वर्षानुवर्षे वाद चालू. अशा ठिकाणी एकट्याने मागून काही मिळत नाही. वाड्यातल्या सर्वांनी मिळून मालकाकडे एकच अर्ज द्यावा : चौकात एक अर्थिंगचा खड्डा, एक वितरण पेटी आणि ज्याच्या त्याच्या मीटरवरून ज्याची त्याची वायर. खर्च वापरणाऱ्यांनी वाटून घ्यावा आणि त्यामुळे मालकीच्या किंवा भाड्याच्या कोणाच्याही हक्काला बाध येत नाही, असे त्याच कागदावर लिहावे. मालक बहुधा विजेला भीत नाही, हक्काला भितो. ही भीती कागदाने जाते. अर्थिंग झाल्याचा फायदा गाडी नसलेल्यालाही होतो, हेही शेजाऱ्यांना सांगावे. गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज या सगळ्यांनाच ते हवे असते.

आणि जेथे चौकच नाही, गाडी गल्लीतच उभी राहते, तेथे काय? तेथे जबाबदारी सेवासदनाची आहे. मोठ्या रस्त्यांवर आणि मॉलमध्ये जलद चार्जर बसवले की उद्घाटनाचा फोटो चांगला येतो. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र जलद चार्जर नको, साधा संथ पॉइंट हवा, आणि तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा. जुन्या शहरातल्या सेवासदनाच्या पार्किंगच्या जागा, बागांच्या कडेची मोकळी जागा, शाळांची पटांगणे रात्री ओस असतात. तेथे असे पॉइंट सहज होतील. त्यांची वीज घरगुती दराच्या जवळ असावी, एवढीच आमची मागणी आहे.

परंतु केवळ मागणी करून हात झटकणे आपल्याला शोभणार नाही. आपल्या समाजाच्या इमारती, मंगल कार्यालये, शाळा या शहरात आहेत. कार्य नसते त्या रात्री त्यांची आवारे कुलूपबंद असतात. तेथे चार-सहा पॉइंट, उपमीटर आणि रात्रीची नोंदवही एवढी व्यवस्था विश्वस्तांनी मनावर घेतली तर गल्लीतल्या दुचाकींचा आणि रिक्षांचा प्रश्न काही प्रमाणात आपणच सोडवू शकतो. ज्या संस्थांकडे स्वतःचे छप्पर आहे त्यांनी त्यावर सौर पॅनेलचाही विचार करावा. घरमालकांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे आणि तिच्यात ३ किलोवॉट व त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दिवसा छपरावर बनलेली वीज बिलात वळती होते आणि रात्री गाडीला लागलेल्या युनिटांचा भार हलका करते.

तेव्हा या अंकाच्या वाचकांपुढे आम्ही तीन कामे ठेवतो. आपल्यापैकी जे सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांनी येत्या साधारण सभेत चार्जरचा ठराव मांडावा आणि त्यात वायर, आरसीसीबी, अर्थिंग, पुराची उंची व रात्रीच्या पाळ्या या पाचही गोष्टी लिहाव्यात. ज्यांच्या वाड्यात आज खिडकीतून वायर लोंबते आहे त्यांनी ती आजच काढावी. सोय नंतर होईल, गेलेला माणूस परत येत नाही. आणि मत मागायला जो उमेदवार दारी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारावे : माझ्या गल्लीत रात्री गाडी चार्ज करायची सोय तुम्ही कोठे आणि केव्हा करणार? ‘बघू’ हे उत्तर समजू नये. जागेचे नाव आणि महिना सांगेल त्याचेच ऐकावे.

आपल्या पूर्वजांनी या शहरात वाडे बांधले तेव्हा दारात घोडा बांधायला कडी ठेवली होती. काळ बदलला, वाहन बदलले. आता कडीच्या जागी पॉइंट हवा आहे, आणि तो हक्काने, रीतसर आणि पक्क्या अर्थिंगवर हवा आहे. ते काम एकट्याचे नाही, सगळ्यांनी मिळून करायचे आहे. आपापल्या वाड्यात, सोसायटीत ठराव झाला की त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात अवश्य पाठवावी. ज्यांना नकार मिळाला त्यांनी नकाराचे पत्र पाठवावे. या सर्व पत्रांची एकत्र फाइल घेऊन आम्ही सेवासदनाच्या आणि वीज कंपनीच्या दारी जाऊ. फाइल जितकी जाड, तितका आपला शब्द वजनदार.

— संपादक